‘९० टक्के प्लेसमेंट’ : कशाचे ९० टक्के?

बारावीचा निकाल लागला की कॉलेजांच्या जाहिराती आणि त्यांतले आकडे घरोघरी पोचतात. यंदा वाचकांनी विचारलेले बरेचसे प्रश्न या आकड्यांचेच आहेत. काही पालकांचे, काही विद्यार्थ्यांचे आणि काही हे आकडे भरणाऱ्या कॉलेज कर्मचाऱ्यांचे. निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मुलीला इंजिनिअरिंगला घालायचे आहे. एका कॉलेजच्या पत्रकात ‘९० टक्के प्लेसमेंट’ असे लिहिले आहे. त्याच कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफची पीडीएफ मिळाली, तिच्यात मात्र आकडे फारच कमी दिसतात. खरे कोणते धरायचे?
(एक पालक, सांगली)

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण त्यांचे छेद वेगळे आहेत. टक्केवारी पाहिली की अंशाआधी छेद विचारायचा.

एनआयआरएफ ही केंद्र सरकारची संस्था-क्रमवारी. २०१६ साली तिची पहिली यादी आली. भाग घेणाऱ्या संस्थेने भरलेली माहिती एनआयआरएफच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात सर्वांना पाहता येते. ती माहिती संस्थेने स्वतःच दिलेली असते, हे लक्षात ठेवा. तरीही पालकासाठी पत्रकापेक्षा ही पीडीएफ कितीतरी जास्त उपयोगाची आहे, कारण तिच्यात टक्केवारी नसते, माणसे मोजलेली असतात.

प्लेसमेंटच्या तक्त्यातली एक ओळ कशी वाचायची, ते उदाहरणादाखल घेतलेल्या आकड्यांवर पाहू. समजा, चार वर्षांच्या पदवीच्या ओळीत असे आहे : पहिल्या वर्षाची प्रवेशक्षमता १२०, प्रत्यक्ष प्रवेश १०२, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले (म्हणजे डिप्लोमा करून आलेले) १५, किमान विहित कालावधीत पदवी मिळवलेले ८१, प्लेसमेंट झालेले ५४, उच्च शिक्षणाला गेलेले ९.

आधी वर्षे तपासा. ओळीत तीन वेगवेगळी शैक्षणिक वर्षे असतात. पहिल्या वर्षाचे प्रवेश २०१९-२० चे असतील, तर थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश २०२०-२१ चे आणि पदवी २०२२-२३ ची. म्हणजे ही एकाच तुकडीची चार वर्षांची वाटचाल आहे, चालू वर्षाची नाही.

आता भागाकार करा. कॉलेजात आलेले एकूण विद्यार्थी १०२ अधिक १५, म्हणजे ११७. त्यांपैकी वेळेत पास झाले ८१, म्हणजे सुमारे ६९ टक्के. राहिलेले ३६ कुठे गेले? कुणी एटीकेटीत अडकले, कुणाचे वर्ष गेले, कुणी कॉलेज सोडले. पत्रकात ही मुले कधीच दिसत नाहीत. पदवी मिळालेल्या ८१ पैकी ५४ ना नोकरी म्हणजे ६७ टक्के. आलेल्या ११७ पैकी ५४ म्हणजे ४६ टक्के. नोकरी आणि उच्च शिक्षण एकत्र धरले तर ८१ पैकी ६३, म्हणजे ७८ टक्के. आणि प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेली, ‘पात्र’ ठरलेली मुले ६० च असतील, तर ६० पैकी ५४ म्हणजे बरोबर ९० टक्के.

पत्रकातला ९० बहुधा या शेवटच्या भागाकारातून येतो. ‘पात्र’ होण्यासाठी किमान ६० टक्के किंवा ठरावीक सीजीपीए, चालू बॅकलॉग नसणे, काही ठिकाणी सेलचे प्रशिक्षण पूर्ण केलेले असणे अशा अटी असतात. तेव्हा कॉलेजात गेलात की एवढेच विचारा : ‘या शाखेत पहिल्या वर्षाला किती मुले आली आणि त्यांतली किती जण नोकरीवर रुजू झाली?’ शाखेचे नाव घेऊनच विचारा. एनआयआरएफचा तक्ता शाखानिहाय नसतो. सगळ्या चार वर्षांच्या पदव्या एका ओळीत असतात, त्यामुळे कॉम्प्युटरची प्लेसमेंट सिव्हिलच्या मुलांचा आकडाही उचलून धरते.

आणखी एक फरक लक्षात घ्या : ऑफर्स आणि विद्यार्थी. ‘२१० ऑफर्स’ म्हणजे २१० मुले नव्हेत. एका हुशार मुलीच्या हातात तीन ऑफर्स असू शकतात. ऑफर आणि रुजू होणे हेही एक नाही. ऑफर लेटर देऊन मुलांना महिनोन्महिने ताटकळत ठेवल्याचे आणि काही वेळा ऑफर मागे घेतल्याचे प्रकार आयटी क्षेत्रात घडलेले आहेत.

प्रश्न : ‘हायेस्ट पॅकेज ४० लाख, सरासरी ११ लाख’ अशी जाहिरात पाहिली. त्याच कॉलेजच्या सीनिअर मुलांना मात्र तीन-साडेतीन लाखांच्याच नोकऱ्या आहेत. हे कसे?
(बारावीची विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : दहावीच्या गणितातले मध्य आणि मध्यक आठवा. पाच मुलांचे वार्षिक पगार ३ लाख, साडेतीन लाख, ४ लाख, साडेचार लाख आणि ४० लाख आहेत. बेरीज ५५ लाख, सरासरी ११ लाख. पण पाचांपैकी चौघांना ११ च्या निम्मेही मिळत नाहीत. पगार चढत्या क्रमाने लावून मधला उचलला तर मध्यक येतो ४ लाख. एनआयआरएफ सरासरी विचारत नाही, मध्यक विचारते आणि तो अंकांबरोबर अक्षरीही लिहून घेते. म्हणून जाहिरातीतली सरासरी बाजूला ठेवा आणि पीडीएफमधला मध्यक पाहा.

मध्यकालाही एक मर्यादा आहे. तो फक्त नोकरी मिळालेल्यांचा असतो, न मिळालेल्यांचा शून्य त्यात धरत नाहीत. पहिल्या प्रश्नातल्या उदाहरणात पदवी मिळवलेल्या ८१ मधून उच्च शिक्षणाला गेलेले ९ वगळले, तर उरतात ७२. त्यांपैकी १८ जणांकडे नोकरी नाही. या सगळ्या ७२ जणांचा मध्यक काढला, तर तो नोकरीवाल्या ५४ जणांमध्ये तळाकडून अठराव्या-एकोणिसाव्या पगारावर येऊन पडतो. म्हणून मध्यक वाचताना प्लेसमेंटचा आकडा शेजारी ठेवावा. थोड्याच मुलांना नोकऱ्या लावून मध्यक उंच दाखवता येतो.

‘पॅकेज’ म्हणजे पगार नव्हे, हेही आत्ताच समजून घे. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला तुझ्यावर वर्षभरात पडणारा एकूण खर्च. समजा, सीटीसी ६ लाख आहे आणि त्यात मूळ वेतन ३ लाख. कंपनीचा पीएफचा वाटा मूळ वेतनाच्या १२ टक्के धरला तर ३६,००० रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३० रुपये, आणि ती सहसा सलग पाच वर्षे सेवा झाल्यावरच हातात येते. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, व्हेरिएबल पे, ६०,००० रुपये. एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस ५०,००० रुपये. हे सगळे वजा केले की दरमहा वाटून मिळणारी रक्कम उरते वर्षाला ४,३९,५७०. तिच्यातून तुझा स्वतःचा पीएफ ३६,००० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये गेला की ४,०१,०७० राहतात. म्हणजे महिन्याला सुमारे ३३,४००. सहा लाखांना बाराने भागून आलेले ५०,००० तुझ्या खात्यात कुठल्याच महिन्यात जमा होणार नाहीत. काही कंपन्या पीएफ मूळ वेतनावर न कापता कायद्यातल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर कापतात, मग महिन्याला कपात १,८०० च होते आणि हातात थोडे जास्त येते.

मोठ्या पॅकेजमध्ये बहुतेकदा शेअर्स असतात. ते चार-चार वर्षांत थोडेथोडे नावावर होतात, पण पत्रकात पूर्ण रक्कम पहिल्याच वर्षाच्या नावावर टाकलेली असते. परदेशातली ऑफर असेल तर डॉलरचे रुपये करून लिहितात आणि तिथल्या खर्चाबद्दल अवाक्षर नसते. ‘हायेस्ट पॅकेज’ ही एका मुलाची माहिती आहे, कॉलेजची नव्हे.

प्रश्न : आमच्या शाखेची मंजूर क्षमता ६० असताना पहिल्या वर्षाला ६९ विद्यार्थी आहेत. हा गैरप्रकार आहे का?
(एक पालक, अहिल्यानगर)

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. मंजूर क्षमतेच्या बाहेरच्या, अधिसंख्य जागा असतात. शिक्षण शुल्क माफीची योजना, म्हणजे टीएफडब्ल्यूएस, मंजूर क्षमतेच्या ५ टक्के. साठाला ३ जागा. ईडब्ल्यूएसच्या १० टक्के जागा जिथे वाढीव दिल्या आहेत तिथे आणखी ६. झाले ६९. दुसऱ्या वर्षी डिप्लोमाचे विद्यार्थी आले की वर्ग आणखी वाढतो. मात्र कॉलेज ‘११५ टक्के प्रवेश’ असे मिरवत असेल, तर त्याने अंशात अधिसंख्य मुले धरली आणि छेदात धरली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : मी सीनिअर कॉलेजच्या कार्यालयात आहे. एआयएसएचई, नॅक आणि एनआयआरएफ या तिन्ही ठिकाणी आमच्या विद्यार्थीसंख्येचे आकडे वेगळे जातात आणि मग खुलासे मागवले जातात. चूक नेमकी कुठे होते?
(एक कर्मचारी, जळगाव)

उत्तर : तिन्हींचा प्रश्नच वेगळा आहे, म्हणून थोडा फरक राहणारच. एआयएसएचई, म्हणजे उच्च शिक्षणाचे केंद्र सरकारचे वार्षिक सर्वेक्षण, विचारते : ठरवून दिलेल्या संदर्भ दिनांकाला कॉलेजच्या पटावर, सर्व वर्षे मिळून, किती विद्यार्थी होते? कॉलेजांनी त्यासाठी डीसीएफ-२ हा नमुना भरायचा असतो. विद्यापीठांचा डीसीएफ-१ आणि स्वतंत्र संस्थांचा डीसीएफ-३. नॅकला, म्हणजे कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, गेल्या पाच वर्षांचे वर्षनिहाय आकडे हवे असतात. एनआयआरएफ दोन गोष्टी विचारते : अभ्यासक्रमाची एकूण प्रत्यक्ष विद्यार्थीसंख्या आणि वर सांगितलेली तुकडीची वाटचाल. फरक का आहे हे एका ओळीत सांगता आले, तर खुलाशाला घाबरायचे कारण नाही. सांगता न येणारा फरक मात्र पुढच्या चुकांमधून येतो.

महाराष्ट्रात सर्रास होणारी चूक म्हणजे ज्युनिअर कॉलेजची मुले मोजणे. अकरावी-बारावी एकाच इमारतीत, एकाच प्राचार्यांच्या हाताखाली असली, तरी ती शालेय शिक्षणात येते आणि तिची माहिती यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीप्रणालीत जाते. डीसीएफ-२ मध्ये तिचा एकही विद्यार्थी येता कामा नये. ज्युनिअरला शिकवणाऱ्या शिक्षकांचेही तेच.

दुसरी चूक प्रवर्गाची. ओबीसी विद्यार्थिनीला खुल्या जागेवर प्रवेश मिळाला, तर एआयएसएचईच्या सामाजिक प्रवर्गाच्या तक्त्यात ती ओबीसीतच जाते, कारण तिथे जागा मोजत नाहीत, विद्यार्थी मोजतात. राखीव जागा किती भरल्या असा प्रश्न जिथे असेल, तिथे मात्र जागेचा प्रवर्ग लागतो. म्हणून तुमच्या यादीत दोन स्वतंत्र रकाने हवेत : विद्यार्थ्याचा प्रवर्ग आणि प्रवेश ज्या जागेवर झाला तिचा प्रवर्ग.

तिसरी चूक बेरजेची. दिव्यांग आणि अल्पसंख्याक हे आकडे ‘एकूणपैकी’ असतात. ते एकूणात पुन्हा मिळवले की संख्या फुगते.

याशिवाय प्रवेश रद्द करून गेलेल्यांची नावे काढायची राहतात. वर्ष वाया गेलेला आणि त्या वर्षी पटावर नसलेला विद्यार्थी मोजला जातो. पदवीबरोबर सर्टिफिकेट कोर्स करणारा दोनदा येतो.

उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. संदर्भ दिनांकाला पीआरएननिहाय (विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकानुसार) एक मूळ यादी बंद करा. तिच्यात अभ्यासक्रम, वर्ष, प्रवेशाचा प्रकार (पहिले वर्ष की थेट दुसरे), दोन्ही प्रवर्ग, लिंग, दिव्यांगत्व, प्रवेश रद्द केल्याचा किंवा टीसी नेल्याचा दिनांक, आणि शेवटच्या वर्षानंतर पदवीचे वर्ष हे रकाने ठेवा. तिन्ही नमुने याच यादीतून भरा. विभागप्रमुखांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर गोळा केलेल्या आकड्यांतून भरू नका. ज्या दिवशी भरले त्या दिवसाची प्रत वेगळी जपून ठेवा, कारण वर्षभराने प्रश्न आला की यादी बदललेली असते.

प्लेसमेंटच्या बाबतीत पुरावा विद्यार्थ्यागणिक ठेवा. नॅकच्या पडताळणीत, म्हणजे डीव्हीव्हीत, नुसती यादी टिकत नाही. नियुक्तिपत्र किंवा ऑफर लेटर, शक्य तर पहिली पगारचिठ्ठी. उच्च शिक्षणासाठी नव्या संस्थेची प्रवेश पावती किंवा ओळखपत्र. कॉलेज सुटल्यावर मुलांचे फोन नंबर बदलतात, म्हणून गुणपत्रक न्यायला येतात तेव्हाच ही कागदपत्रे आणि एक कायमचा ई-मेल घ्या. वडिलांच्या दुकानात बसणारा किंवा स्वतःचा व्यवसाय सुरू केलेला विद्यार्थी कॅम्पस प्लेसमेंटमध्ये घालू नका. त्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवा. तो कमी दर्जाचा नाही, पण मोजमाप वेगळे आहे.

प्रश्न : देशाचा उच्च शिक्षणातला जीईआर २८.४ आहे, म्हणजे शंभरातली २८ तरुण मुले कॉलेजात आहेत असेच ना?
(निवृत्त शिक्षक, ठाणे)

उत्तर : जवळपास, पण अगदी तसे नाही. जीईआर, म्हणजे सकल नोंदणी प्रमाण, काढताना छेदात १८ ते २३ वयाची लोकसंख्या असते. अंशात मात्र कोणत्याही वयाचे, उच्च शिक्षणात नाव असलेले सगळे येतात. चाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून एम.ए. करणाऱ्या गृहिणीही त्यात आल्या. २८.४ हा आकडा २०२१-२२ च्या एआयएसएचई अहवालातला. त्या वर्षी एकूण नोंदणी सुमारे ४.३३ कोटी होती.

याच अहवालात मुलींचा जीईआर २८.५ आणि मुलांचा २८.३. मुलींच्या आकड्याला मुलांच्या आकड्याने भागले की लिंगसमानता निर्देशांक १.०१ येतो. तो एकाहून मोठा पाहून कॉलेजात मुली जास्त आहेत असा निष्कर्ष बरेच जण काढतात. प्रत्यक्षात मुली होत्या २.०७ कोटी, म्हणजे निम्म्याहून कमी. कारण पुन्हा छेदात आहे : त्या वयोगटात मुलींची लोकसंख्याच मुलांपेक्षा कमी आहे. जन्माच्या वेळी बिघडलेले प्रमाण या निर्देशांकात झाकले जाते, आणि शिक्षणावर बोलणाऱ्यांनी हे सांगितलेच पाहिजे असे आम्हाला वाटते.

छेद बदलला की काय होते याचा नमुना सरकारी अहवालातच आहे. २०१९-२० चा जीईआर आधी २७.१ जाहीर झाला. तो २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या लोकसंख्या अंदाजावर होता. पुढच्या अहवालापासून २०११ च्या जनगणनेवरचा अंदाज वापरला, तेव्हा त्याच वर्षाचा आकडा २५.६ झाला. एकही विद्यार्थी कमी झाला नव्हता. जुन्या आणि नव्या अहवालातले आकडे एकाच आलेखात घालणाऱ्यांनी हे पाहून घ्यावे. २०३५ पर्यंत ५० टक्क्यांचे जे उद्दिष्ट २०२० च्या शैक्षणिक धोरणात आहे, त्यात व्यावसायिक शिक्षणही धरले आहे.

राज्यांची तुलना करताना आणखी सावध राहा. अंशात राज्यातल्या कॉलेजांचे विद्यार्थी, छेदात राज्यातली तरुण लोकसंख्या. पुण्यात शिकायला आलेली बिहारची मुलगी महाराष्ट्राच्या अंशात येते.

प्रश्न : पदवी होऊन तीन वर्षे झाली, पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससीची तयारी करतो. बेरोजगारीचा दर ३.२ टक्के म्हणतात. त्यात आम्ही आहोत की नाही?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : तुम्ही सर्वेक्षकाला काय सांगता त्यावर ते ठरते. हा दर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणातून, पीएलएफएसमधून येतो. हे सर्वेक्षण एप्रिल २०१७ पासून चालू आहे.

१५ वर्षांवरची माणसे त्यात तीन भागांत पडतात : काम करणारे, काम नाही पण शोधणारे किंवा करायला तयार असलेले, आणि या दोन्हींत नसलेले. पहिले दोन मिळून श्रमशक्ती. तिसऱ्यात शिकणारे विद्यार्थी, फक्त घरकाम पाहणाऱ्या स्त्रिया, वृद्ध. बेरोजगारी दराच्या छेदात लोकसंख्या नसते, फक्त श्रमशक्ती असते. जुलै २०२३ ते जून २०२४ च्या अहवालात श्रमशक्ती सहभाग दर ६०.१ आणि काम करणाऱ्यांचे प्रमाण ५८.२ होते. वजाबाकी १.९. तिला ६०.१ ने भागा, ३.२ येतात.

आता तुमचे पाहू. मागच्या वर्षातला बहुतांश काळ मिळेल ते काम करायला तुम्ही तयार होता, पण काम नव्हते, तर तुम्ही बेरोजगार. ‘परीक्षा होईपर्यंत दुसरे काम करणार नाही’ असे असेल, तर तुम्ही श्रमशक्तीच्याच बाहेर आणि दरात कुठेच नाही. उरलेला वेळ अभ्यासात घालवून वर्षात ३० किंवा जास्त दिवस क्लासमध्ये शिकवण्याचे काम केले असेल, तर दुय्यम स्थितीनुसार, म्हणजे वर्षातल्या जोडकामावरून, तुम्ही काम करणारे ठरता. आणि सुगीला गावी जाऊन घरच्या शेतात बिनपगारी राबलात, तर तेही कामच.

३.२ टक्के कमी वाटतो त्याचे उत्तर इथेच आहे. आपल्याकडे अगदी रिकामे बसणे गरिबाला परवडत नाही, म्हणून तो कशात ना कशात मोजला जातो. १५ ते २९ वयोगटात हाच दर १०.२ होता. तुमच्या पिढीबद्दल बोलायचे तर हा आकडा वापरा.

हा झाला वर्षभराच्या स्थितीचा हिशेब. दुसरी पद्धत चालू साप्ताहिक स्थितीची : गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केले तरी काम करणारा. २०२५ पासून दरमहा जे आकडे येतात ते याच पद्धतीचे. एप्रिल २०२५ चा पहिला मासिक दर ५.१ होता. वार्षिक ३.२ शी त्याची तुलना करून ‘बेरोजगारी वाढली’ असे लिहिणे चूक आहे. मोजपट्टी वेगळी आहे.

राज्याच्या महास्वयम् पोर्टलवर नाव नोंदवलेल्यांची संख्या म्हणजेही बेरोजगारांची संख्या नव्हे. तिथे नोकरीत असून दुसरी शोधणारेही असतात, आणि कधीच नाव न घातलेले लाखो बाहेर असतात.

प्रश्न : ईपीएफओच्या मासिक आकड्यांवरून ‘इतक्या लाख नव्या नोकऱ्या’ अशा बातम्या येतात. ते बरोबर आहे का?
(एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही. ईपीएफओ, म्हणजे पीएफ सांभाळणारी केंद्रीय संघटना, देते तो सभासदांच्या निव्वळ वाढीचा आकडा असतो : नवे सभासद अधिक पुन्हा आलेले, वजा बाहेर पडलेले. एखाद्या कारखान्यात एकोणीस कामगार होते, विसावा आला आणि पीएफचा कायदा लागू झाला, तर एका नव्या नोकरीमागे वीस सभासद वाढू शकतात. शिवाय ताजे आकडे तात्पुरते असतात. बाहेर पडलेल्यांची नोंद उशिरा होते, त्यामुळे पुढच्या महिन्यांत तेच आकडे बदलतात. बातमीतला आकडा वापरायचाच असेल, तर दोन-तीन महिने थांबून सुधारित तक्ता पाहा आणि त्यातही १८ ते २५ वयाच्या पहिल्यांदाच सभासद झालेल्यांची ओळ वाचा. नव्याने नोकरीला लागलेल्या तरुणांचा त्यातल्या त्यात जवळचा अंदाज तिथून मिळतो.